कॅसेट, सीडी, पेनड्राइव्ह: भजनाचं रेकॉर्डिंग कुठल्या फाइलमध्ये ठेवायचं आणि कुठल्या फाइलमध्ये ऐकायचं

गणपती महिन्यावर आले की घरोघरी जुन्या कॅसेटी बाहेर निघतात. बुवांच्या बाऱ्या (डबलबारी भजनातली त्यांची गाणी), आजोबांच्या आवाजातल्या आरत्या, गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक हे सगळं ‘मोबाइलवर घ्यायचं’ असतं. कोणीतरी उत्साही भाचा ते घेतोही. दोन वर्षांनी ऐकायला जावं तर झांजेच्या जागी फसफस, पखवाजाच्या थापेच्या जागी बोथट धप्प. कॅसेट तर तोवर बुरशीने गेलेली असते.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. जपून ठेवायला आणि ऐकायला एकच फाइल वापरली जाते, तीही जी सगळ्यात लहान असेल ती. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. टप्पा ४ आधी आणि टप्पा २ नंतर केला तर कामच पुन्हा करावं लागतं, आणि जुनी कॅसेट दुसऱ्यांदा चालेलच असं नाही.

टप्पा १: दोन प्रती, दोन कामं

प्रत्येक रेकॉर्डिंगची एक मूळ प्रत असते आणि एक किंवा अधिक ऐकायच्या प्रती असतात. मूळ प्रत कपाटात राहते. ती गाडीत लावायची नाही की ग्रुपवर टाकायची नाही. ऐकायची प्रत हरवली, खराब झाली तरी मूळ प्रतीवरून पाच मिनिटांत नवी निघते. उलटा प्रवास मात्र होत नाही.

फाइलचे प्रकारही याच हिशेबाने तीन गटांत बसतात.

पहिला गट वेव्हचा. आवाज जसा मोजला तसाच लिहिलेला, काही दाबलेलं नाही. सीडीच्या दर्जाची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ (आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला) आणि १६ बिटची (प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिलेली) स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण ६३५ एमबी जागा खाते.

दुसरा गट फ्लॅकचा आणि अ‍ॅपलच्या एएलएसीचा. इथे फाइल लहान होते, पण उघडल्यावर वेव्हमधला एकेक बिट जसाच्या तसा परत मिळतो. आकार वेव्हच्या निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत येतो. कॅसेटची खरखर जास्त असेल तर बचत कमी होते, कारण खरखर नीट दाबली जात नाही.

तिसरा गट एमपीथ्री, एएसी आणि ओपस यांचा. एएसीच्या फाइलला सहसा एमफोरए म्हणतात. या प्रकारांत कानाला कमी जाणवेल असा भाग कायमचा काढून टाकतात. १९२ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १९२ किलोबिटची (यालाच बिटरेट म्हणतात), एमपीथ्री तासाला ८६ एमबी, ३२० ची १४४ एमबी. काढून टाकलेला भाग कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

मूळ प्रत नेहमी दुसऱ्या गटात ठेवा. ऐकायची प्रत तिसऱ्या गटात चालते, आणि चांगली चालते. घरच्या कानांना, घरच्या स्पीकरवर, नीट बनवलेली २५६ ची एमपीथ्री आणि फ्लॅक यांत फरक ओळखणं फार कठीण असतं. फ्लॅक वापरायचं ते आज जास्त गोड ऐकू यावं म्हणून नव्हे. उद्या त्याच्यावरून काहीही नवं बनवता यावं, हे त्याचं काम.

टप्पा २: हातात आलेलं नेमकं काय आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

*व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा कोणाच्या पेनड्राइव्हमधून आलेली एमपीथ्री.* तिचं फ्लॅक करू नका. आकार चौपट होईल, आवाज तसाच राहील, आणि दहा वर्षांनी ती फाइल पाहणाऱ्याला वाटेल की ही मूळ प्रत आहे. एमपीथ्रीच हाती असेल तर ती एमपीथ्रीच तुमची मूळ प्रत. तशीच ठेवा, बदलू नका.

*मोबाइलच्या रेकॉर्डरची एमफोरए.* तोच न्याय. वेव्ह करून ‘ओरिजिनल’ बनत नाही.

*दुकानातून घेतलेली ऑडिओ सीडी.* विंडोजमध्ये ती उघडली की ट्रॅकच्या ‘सीडीए’ फाइली दिसतात. त्या ओढून हार्ड डिस्कवर टाकणारे अजूनही भेटतात. त्या फाइलींत गाणं नसतंच, फक्त ट्रॅक कुठे सुरू होतो एवढी नोंद असते. आकार १ केबीसुद्धा भरत नाही. सीडी ‘रिप’ करावी लागते. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फ्री:एसी हे सॉफ्टवेअर वापरा आणि थेट फ्लॅकमध्ये काढा.

*‘दीडशे गाण्यांची’ एमपीथ्री सीडी.* ही ऑडिओ सीडी नव्हे. यातल्या फाइली सरळ कॉपी करा, रूपांतर नको.

तपासा: एखादी फाइल फ्लॅक आहे, पण खरी आहे का अशी शंका असेल तर ऑडॅसिटी या आवाजाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती आहे ते दाखवणारं चित्र, बघा. झांजेचा आवाज वर २० किलोहर्ट्झच्या आसपास पसरलेला असतो. चित्र १६-१७ किलोहर्ट्झवर पट्टीने आखल्यासारखं सरळ कापलेलं दिसलं, तर ती कधीकाळी १२८ च्या आसपासची एमपीथ्री होती असं समजा. कॅसेटवरून घेतलेल्या फाइलमध्येही वरचा भाग रिकामा असतो, पण तो हळूहळू विरत जातो. सरळ रेघ दिसत नाही. दोन्हींत गल्लत करू नका.

टप्पा ३: कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी

किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला दमटपणा कॅसेटला खातो. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडीकडे उजेडात बघा. कडेला पांढुरकी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालायची नाही. ती हेडला, म्हणजे डेकच्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला जाते. एखादा जुना, गेला तरी चालेल असा डेक त्यासाठी बाजूला ठेवा, काम करताना नाकाला रुमाल बांधा, आणि प्रत्येक कॅसेटनंतर हेड पुसा.

शक्य असेल तर हे काम पावसाळ्यात करूच नका. नाइलाज असेल तर कॅसेट आठवडाभर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. उन्हात वाळवायला ठेवू नका; टेप आणि कवच दोन्ही वाकतात.

मग या क्रमाने जा:

१. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा. ते तुटले की रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. बाऱ्या पुसल्या गेल्याच्या बहुतेक कहाण्या या तुकड्यांपाशी येऊन थांबतात.

२. टेपच्या मागे पत्र्याच्या पट्टीवर नमद्याची छोटी गादी असते. ती गळून पडली असेल तर आवाज दबलेला आणि वरखाली होणारा येतो. रद्दीतल्या कॅसेटमधली गादी काढून बसवता येते.

३. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं चिकटून बसलेली टेप मोकळी होते.

४. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डेकचं हेड पुसा. काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत.

५. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना तो अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, इकडेतिकडे फिरवा. झांज एका जागी अचानक स्वच्छ होते. तिथे थांबा. दोन्ही चॅनल एकत्र करून, म्हणजे मोनोत ऐकलं तर ही जागा चटकन सापडते. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या सॉफ्टवेअरने पडत नाही, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

डेकवरचं डॉल्बीचं (खरखर कमी करण्याच्या सोयीचं) बटण बंद ठेवा. कॅसेट डॉल्बी लावून भरली होती हे नक्की माहीत असेल तरच चालू करा.

सावधान: डेकची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. ते भोक मोनो असतं आणि डेकचा जोराचा सिग्नल त्यात फाटतो. लाइन-इन असलेलं साधं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. रेकॉर्डिंग चालू असताना घूंऽ असा सलग आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बऱ्याचदा तेवढ्याने जातो.

टप्पा ४: रेकॉर्डिंगचे आकडे ठरवा

कॅसेटसाठी ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बस्स. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ निवडणारे जागा फुकट घालवतात. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, आणि घरी भरलेल्या साध्या कॅसेटवर १५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच.

२४ बिट का? लेव्हलमध्ये मोकळीक मिळते म्हणून. बारीतला सगळ्यात जोराचा भाग, म्हणजे शेवटचा गजर, आधी वाजवून बघा. मीटरचा काटा तिथेही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज कापला गेला, आणि तो दुरुस्त होत नाही. कमी लेव्हलवर घेतलेला २४ बिटचा आवाज नंतर बिनधास्त वाढवता येतो. ‘आवाज बारीक वाटतो’ म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना बटण फिरवू नका.

एकाच माइकवर भरलेली जुनी कॅसेट मोनो असेल तरी घेताना स्टिरिओच घ्या. डाव्या-उजव्यापैकी एका बाजूला खरखर कमी असते. मूळ प्रत तशीच ठेवा; ऐकायची प्रत काढताना ऐकून चांगली बाजू ठेवा आणि मग मोनो करा. 

रात्रभराचं दशावतारी नाटक नव्याने रेकॉर्ड करणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. नेहमीच्या वेव्ह फाइलची कमाल मर्यादा ४ जीबी आहे, आणि फॅट३२ फॉरमॅटच्या मेमरी कार्डवरही एका फाइलला तीच मर्यादा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला तासाला १ जीबीहून थोडं जास्त लागतं. म्हणजे चार तासांच्या जरा पुढे फाइल भरते. चांगला रेकॉर्डर आपोआप दुसरी फाइल सुरू करतो, काही तर २ जीबीलाच तुकडा पाडतात. काही यंत्रं मात्र मुकाट थांबतात, आणि ते कळतं पहाटे, राक्षस मारला गेल्यावर. जत्रेला जाण्याआधी घरी एक पूर्ण रात्र रेकॉर्डर चालू ठेवून बघा.

मोबाइलवरच घ्यायचं असेल तर ‘आवाज आपोआप सुधारा’ किंवा ‘गोंगाट कमी करा’ अशा सोयी बंद करा. त्या बोलण्यासाठी बनवलेल्या असतात. पखवाजाची थाप पडली की फोन सगळा आवाज खाली खेचतो आणि मग हळूहळू वर आणतो. पेटी श्वास घेत असल्यासारखी वाटते.

तपासा: पहिली पाच मिनिटं रेकॉर्ड करा, थांबा, हेडफोनवर ऐका. दोन्ही बाजूंनी आवाज येतो का, घूं आहे का, काटा शून्याला टेकला का. मगच पुढची पंचेचाळीस मिनिटं.

टप्पा ५: मूळ प्रत बांधा

ऑडॅसिटीत ‘सेव्ह प्रोजेक्ट’ केलं म्हणजे गाणं जतन झालं, ही समजूत फार पसरलेली आहे. ती फाइल फक्त ऑडॅसिटीच उघडते. ‘एक्स्पोर्ट’ करून फ्लॅक काढा, २४ बिटच ठेवा.

फ्लॅक करताना ० ते ८ असा एक आकडा विचारला जातो. त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. ० असो की ८, उघडल्यावर आवाज तोच. फक्त आकार थोडा कमीजास्त होतो आणि संगणकाला वेळ कमीजास्त लागतो. ५ ठेवा आणि विसरा.

खरखर काढणं, आवाज वाढवणं, तुकडे करणं यांतलं मूळ प्रतीवर काहीही करू नका. कॅसेटची पूर्ण बाजू, सुरुवातीच्या ‘हॅलो हॅलो माइक टेस्टिंग’सकट, जशी आली तशी ठेवा. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. खरखर काढायच्या नादात झांजेची धार कापली गेल्याचं कानाला त्याच दिवशी कळत नाही, आठवड्याने कळतं.

फ्लॅकच्या बाजूने माझं मत पडतं ते आणखी एका कारणाने. प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये आतल्या आवाजाचा ठसा लिहिलेला असतो. वर्षांनंतर फाइल खराब झाली आहे का, हे न ऐकता तपासता येतं. साध्या वेव्हमध्ये अशी सोय नाही. आणि फ्लॅक कुण्या एका कंपनीच्या मालकीचं नाही. २००१ पासून खुलं आहे.

तपासा: फूबार २००० या विंडोजवरच्या प्लेअरमध्ये फाइलींची पडताळणी करण्याची सोय आहे. नव्या फ्लॅक फाइलींवर ती एकदा चालवा. सगळ्या पास झाल्या की मगच कॅसेट परत डब्यात.

टप्पा ६: ऐकायच्या प्रती काढा

इथे प्रश्न एकच विचारायचा: वाजणार कशावर?

*रिक्षा, गाडी, मंडपातला पेनड्राइव्हवाला अँप्लिफायर.* एमपीथ्री, दुसरा विचार नको. काही यंत्रं फ्लॅक वाजवतात, काही नुसतं नाव दाखवून पुढच्या फाइलवर उडी मारतात, आणि आरतीच्या वेळी ते कळणं बरं नव्हे. २५६ किंवा ३२० केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ, ठरावीक बिटरेट. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. ३२ जीबी किंवा त्याहून लहान घेतला तर विंडोजमध्ये ते सरळ होतं; मोठ्या पेनड्राइव्हला बऱ्याच संगणकांवर वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

*अँड्रॉइड फोन.* जागा असेल तर फ्लॅक थेट चालतं. जागा कमी असेल तर १२८ चं ओपस. तासाला साधारण ५८ एमबी, आणि त्याच आकाराच्या एमपीथ्रीपेक्षा उघड चांगलं. फक्त ती फाइल गाडीत चालेल अशी अपेक्षा ठेवू नका.

*आयफोन.* फाइल्स अ‍ॅपमध्ये फ्लॅक वाजतं, पण संगीताचं मूळ अ‍ॅप ते घेत नाही. तिथे २५६ चं एएसी किंवा एएलएसी.

*ब्लूटूथ स्पीकर.* फोनमधून स्पीकरकडे जाताना आवाज पुन्हा एकदा दाबला जातो. फोनमध्ये फ्लॅक असलं तरी स्पीकरपर्यंत ते तसं पोचत नाही. ब्लूटूथवर ऐकण्यासाठी म्हणून फ्लॅक भरणं म्हणजे जागेची नासाडी.

बिटरेट कमी पडतोय हे ओळखायला अख्खं भजन ऐकायची गरज नाही. दोनच जागा ऐका. पहिली, गजरात सगळ्या झांजा एकदम वाजतात ती. बिटरेट कमी असेल तर झांजेचा लांबणारा नाद सुट्टा राहत नाही, आत कोणीतरी कागद चुरगळतंय असा लहरत जातो. दुसरी, पखवाजावर एकटी पडणारी थाप. थापेच्या किंचित आधी हलकी फसफस ऐकू आली तर तोही दाबण्याचाच दोष. गायकाचा आवाज आणि पेटी ९६ केबीपीएसलाही बऱ्यापैकी तरतात, म्हणून नुसतं गाणं ऐकून निर्णय घेतला की फसगत होते.

आणखी एक बारीक गोष्ट. बारीचे तुकडे करताना रूपाचा अभंग, गजर, गौळण अशा वेगळ्या फाइली केल्या, तर एमपीथ्री प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घालते. काही प्लेअर ती गाळतात, गाडीतले स्टिरिओ बहुतेक गाळत नाहीत. अभंग चढत गजरात शिरतो तिथे नेमकी ठेच लागते. अशा जोडजागी तुकडा पाडूच नका, अभंग आणि गजर एका फाइलमध्ये ठेवा.

सावधान: एमपीथ्रीतून नुसता एखादा भाग कापायचा असेल तर ऑडॅसिटीत उघडून पुन्हा एमपीथ्री करू नका, दर्जा पुन्हा एकदा घसरतो. एमपीथ्री-डायरेक्ट-कटसारखं सॉफ्टवेअर आवाज न उघडता कापतं. मूळ फ्लॅक असेल तर अर्थातच तिथूनच नवी प्रत काढा.

टप्पा ७: नावं

मूळ प्रतीच्या फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग गाव आणि प्रकार. उदाहरणार्थ ‘१९९४-०९-१२ कुडाळ डबलबारी, कॅसेट १, बाजू अ’. तारीख माहीत नसेल तर नुसतं वर्ष. कॅसेटच्या वेष्टनावरच्या हस्ताक्षराचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. पखवाजाला कोण होतं हे पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं.

गाडीच्या पेनड्राइव्हसाठी वेगळा नियम. बऱ्याच स्टिरिओंना देवनागरी वाचता येत नाही, नुसत्या चौकटी दिसतात. तिथे दोन आकडी क्रमांक आणि रोमन लिपीतलं छोटं नाव द्या. काही स्टिरिओ नावाच्या क्रमाने न वाजवता फाइली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून फाइली क्रमाने लावून घ्या आणि रिकाम्या पेनड्राइव्हवर एकदम कॉपी करा. मागाहून एकेक घुसवू नका.

टप्पा ८: पाठवणं

चाकरमान्यांना पाठवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. स्पीकरवर लावून समोर फोन धरून व्हॉइस नोट पाठवणं किंवा बुवांचा फोटो लावून व्हिडिओ करणं या दोन्हींत आवाजाची वाट लागते, आणि पुढे तीच प्रत गावभर फिरते. बुवा हयात असतील तर पाठवण्याआधी त्यांना विचारा.

टप्पा ९: ठेवायचं कुठे

पेनड्राइव्ह ही साठवायची जागा नव्हे. घरी लिहिलेली सीडीही नव्हे. अशा सीड्या असतील तर आजच कॉपी करा. मूळ फ्लॅक दोन हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर या दोन तारखा त्यासाठी पुरेशा आहेत. एकाच घरात, वरच्या आणि खालच्या मजल्यावर ठेवलेल्या दोन प्रती धरायच्या एकच. मुंबईच्या खोलीत एक डिस्क राहिली तर गणपतीला येताना ती बरोबर आणून नवीन फाइली चढवता येतात. जमलं तर तिसरी प्रत क्लाउडवर टाका.

डिस्क घट्ट डब्यात, सिलिका जेलसोबत. पुड्या पावसाळ्याआधी बदला.

पाऊस ओसरला की, दसऱ्याच्या सुमारास, दोन्ही डिस्क लावून सगळ्या फ्लॅक फाइलींची पडताळणी चालवा. रात्री लावून झोपलात तरी चालतं. एखादी फाइल नापास झाली तर दुसऱ्या डिस्कवरची तीच फाइल आधी पडताळा, पास असेल तरच इकडे आणा. ‘सिंक’चं बटण आंधळेपणाने दाबलंत तर खराब फाइल चांगलीवर चढण्याचा धोका असतो. आणि एकाच डिस्कवर दोनतीन फाइली नापास झाल्या तर त्या दुरुस्त करत बसू नका, ती डिस्क बदला.